सूर वाजला की पलीकडे

सोमवार, ४ मार्च

पोचलो एकदाचे. टेम्पोवाल्याने सामान फाटकाशी उतरवलं आणि तो निघूनही गेला. मी कपाळाला हात लावून उभी होते, तेवढ्यात इमारतीतला वायरमन आणि फाटकावरचा पहारेकरी न बोलावता आले आणि गादी, भांड्यांची खोकी, आप्पांची चाकाची खुर्ची, सगळं पहिल्या मजल्यावर चढवून दिलं. मी पाणी विचारलं तर वायरमन म्हणाला, आधी चहाचं सामान कुठल्या खोक्यात आहे ते शोधा, पाण्याचं मग बघू. माणूस बरा दिसतो.

नोकरी प्रयोगशाळेच्या प्राणीगृहात, आणि नोकरीबरोबर राहायला जागा. आधीच्या गुरांच्या दवाखान्यात म्हशींच्या लाथा खाल्ल्या. आता पांढरे उंदीर सांभाळायचे, म्हणजे बढतीच. जागा प्राणीगृहाच्या बरोब्बर वर आहे. एकामागे एक अशा दोन खोल्या, मधे एक दार. बाहेरच्या खोलीत जिना चढून येतो, आतल्या खोलीत ओटा आणि मोरी. भिंतींना ताजा पिवळा रंग. आप्पा खिडकीशी बसले आणि लगेच म्हणाले, समोरच्या इमारतीतल्या लिफ्टचं काही खरं नाही, दोराचा आवाज इथवर येतोय. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या, निवृत्त होऊनही कान कामावर आहेत.

आप्पांना कंपवात आहे. मेंदूत डोपामिन नावाचं एक द्रव्य असतं, ते त्यांच्यात कमी पडतं. त्यामुळे हात थरथरतात, चाल आखडते. सगळ्यात वाईट म्हणजे दारं. मोकळ्या जागेत चालतात, पण उंबरा आला की पाय जमिनीला चिकटतात, पुढे ना मागे. आजही मधल्या दारात अडकले. काय झालं विचारलं तर म्हणाले, लिफ्टची वाट बघतोय. दोघंही हसलो आणि हसतहसतच मी त्यांना काखेत धरून पलीकडे नेलं.

डॉक्टरांनी त्यांच्या हालचाली टिपून ठेवायला सांगितल्यात, म्हणून ही वही घेतली. पण आज माझंच लिहिते. मला इथे बरं वाटतंय.

गुरुवार, ७ मार्च

काम हाताला बसायला लागलं. सकाळी भुसा बदलायचा, बाटल्या धुवायच्या, खाणं घालायचं, वजनं करायची. मग एकेका उंदराला पेटीत सोडायचं. पेटी दोन खणांची, मधे ठेंगणी पडदी, तळाला बारीक सळ्या. सोडल्यावर थोड्या वेळाने एक सूर वाजतो, बारीक आणि सरळ, कुठे वरखाली न होणारा. तो वाजत असताना उंदीर पडदीवरून उडी मारून दुसऱ्या खणात गेला तर सूर बंद होतो आणि काहीच घडत नाही. नाही गेला, तर सूर संपता संपता सळ्यांतून झटका बसतो. फार मोठा नाही. वायरमनने मला बोट लावून बघायला लावलं. मुंगी डसल्यासारखं होतं.

इथल्या प्रमुखांना सगळे नुसतं बाई म्हणतात. साठीच्या असतील, केस बारीक कापलेले, बोलताना टेबलावरच्या वस्तू सरळ रेषेत लावत राहतात. त्यांनी मला समोर बसवून नीट समजावलं. म्हणाल्या, लोकांना वाटतं डोपामिन म्हणजे मजा, गोड खाल्लं की सुटतं ते. तेवढंच नसतं. सूर ऐकून उंदराला कळलं की यातून आपल्याला निसटता येईल, तेव्हाही ते सुटतं. आणि निसटल्यावर, झटका चुकला म्हणून, पुन्हा सुटतं. ज्या उंदरात ते कमी आहे, त्यालाही सूर ऐकू येतो, पुढे काय वाढून ठेवलंय तेही कळतं, पण तो जागच्या जागी थिजतो. भीती दोघांना सारखीच, म्हणाल्या. एकाच्या भीतीला पाय असतात, दुसऱ्याच्या नसतात.

मला उंबऱ्यातले आप्पा आठवले. 

एक गंमत. सूर वाजला की वायरमन हातातलं काम न थांबवता एक पाऊल बाजूला सरकतो. त्याला त्याचा पत्ताही नसतो. मी दाखवून दिलं तर लाजला. म्हणाला, तुम्ही नवीन आहात, महिनाभर थांबा.

मंगळवार, १२ मार्च

आज आप्पा एकटे उंबरा ओलांडून गेले!

मी ओट्याशी होते. ते बाहेरच्या खोलीतून आत यायला निघाले आणि नेहमीसारखे दारात अडकले. मी हात पुसून सोडवायला जाणार, तेवढ्यात खालून जमिनीतून तो सूर आला. खाली बाईंच्या विद्यार्थ्यांचं काम चाललं असणार. आप्पांचा उजवा पाय उचलला गेला, मग डावा, आणि ते सरळ माझ्याजवळ येऊन ओट्याला टेकले. कुणीतरी हात धरून आणल्यासारखे. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. मग ते म्हणाले, आली बुवा लिफ्ट.

संध्याकाळी धाकट्या भावाचा फोन आला. तो लांबच्या शहरात असतो, तिथून काळजी करतो आणि मला सल्ले देतो. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला की अक्का, मी येतो बघायला, रजा मिळू दे.

शनिवार, १६ मार्च

बाई स्वतः वर आल्या. आप्पांना बघून त्यांचे डोळे लहान मुलीसारखे चमकायला लागले. म्हणाल्या, या आजारात ठेक्यावर किंवा आवाजावर पाय सुटतात हे माहीत आहेच, पण इतकं सहज सुटलेलं बघितलं नव्हतं. त्यांनी वायरमनकडून काडेपेटीएवढं एक यंत्र करून आणलं होतं. बटण दाबलं की तोच सूर. आप्पा अडकले की दाबायचं. दुपारभर आम्ही तोच खेळ केला. आप्पा आत, आप्पा बाहेर. वायरमन म्हणाला, आता यांना तिकीट लावू या.

जाताना बाईंनी विचारलं की सूर वाजल्यावर कसं वाटतं. आप्पा विचार करून म्हणाले, बरं वाटतं. अंगात जोर येतो. आणि मग म्हणाले, निघायला पाहिजे असं वाटतं.

शनिवार, २३ मार्च

वायरमनने आज चहा पिताना सांगितलं ते मनातून जात नाही. कोपऱ्यातल्या पिंजऱ्यांत जे जुने उंदीर आहेत त्यांच्या पेट्यांची झटक्याची वायर त्याने केव्हाच काढून टाकलीय. मी यायच्या आधीच. तरी ते सुराला उड्या मारतात. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, मारणारच. दर वेळी निसटतात, म्हणून झटका आता नाही हे त्यांना कळायला वावच नाही. एकदा थांबून बघितलं तर कळेल, पण थांबायचं कोणी?

त्यानंतर मी त्या उंदरांकडे नीट बघितलं. उडी मारून झाली की ते अंग चाटत नाहीत, खायला जात नाहीत. वळतात आणि सोडून आलेल्या रिकाम्या खणाकडे बघत बसतात. मिशासुद्धा हलवत नाहीत.

घरी आले तर आप्पा आतल्या खोलीत, बाहेरच्या खोलीकडे तोंड करून बसलेले. काय बघताय विचारलं तर म्हणाले, काही नाही, गेलं.

काय गेलं, ते सांगेनात.

गुरुवार, २८ मार्च

आप्पा चालत नाहीत आता, पळतात. खालून सूर आला की हातातली वाटी टाकून उठतात. आज दाराच्या चौकटीवर खांदा आपटला, काळंनिळं झालंय. मी ते छोटं यंत्र कपाटात कुलूपबंद केलं. पण जमिनीतून येणाऱ्या आवाजाला कुलूप कुठे लावणार?

मी समोर बसून समजावलं की आप्पा, इथे सळ्या नाहीत, करंट नाही, तुम्हाला कुणी काही करत नाही. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, पोरी, मला ते माहीत आहे. पण आपण निघालो की त्या खोलीत ते येतं. आपण नसतो म्हणून कोरडं परत जातं. मी म्हटलं, कसं असतं ते? म्हणाले, बघायला थांबलोय कुठे.

आणि आज माझंच एक. भाजी चिरत होते. सूर आला. मी भानावर आले तेव्हा बाहेरच्या खोलीत होते, हातात विळी, आप्पांच्या शेजारी उभी. अंगभर एक ऊब पसरलेली. परीक्षेचा निकाल चांगला लागल्यावर वाटायचं, तसं. दोघंही आतल्या खोलीकडे बघत होतो.

मला तर कुणी झटका दिला नव्हता. बाईंना खोदून विचारलं. म्हणाल्या, शेजारच्या पिंजऱ्यातून नुसते बघणारे उंदीरही शिकतात. काही विशेष नाही त्यात.

मंगळवार, २ एप्रिल

बाईंनी आज जुन्या उंदरांची भीती मोडायची ठरवली. पेटीच्या मधोमध उंच फळी घालायची, म्हणजे पलीकडे जाता येणार नाही. सूर वाजेल, संपेल, काही होणार नाही आणि उंदराला ते कळेल. वायर तोडलेलीच आहे. आम्हा सगळ्यांना दाखवून वायरमनने मीटर लावला. काटा शून्यावर.

सगळ्यात म्हाताऱ्या उंदराला मीच सोडलं. माझ्या हातावर शांत बसणारा, कानाला खाच असलेला. सूर सुरू झाला. तो फळीवर चढायला लागला, नखं घसरत होती. मग एका कोपऱ्यात जाऊन बसला. सूर थांबला.

तो ओरडला नाही. तडफडला नाही. आम्ही झाकण काढलं तेव्हा तो संपला होता. अंग गार. आत्ता गेलेला जीव इतका गार होत नाही, एवढं मला दवाखान्यातल्या कामामुळे माहीत आहे. अंगावर कसलीही खूण नाही.

बाई म्हणाल्या, भीतीने हृदय थांबलं, वय झालं होतं. त्या टेबलावरची पेनं सरळ लावत होत्या. पेटी मी धुतली. सळ्यांना हात लागला तर त्या बर्फासारख्या.

गुरुवार, ४ एप्रिल

वायरमन चिडला होता. त्याच्या पेटीवर शंका घेतली असं त्याला वाटलं. म्हणाला, मी हात घालून दाखवतो. बाई नव्हत्या, आम्ही दोघंच होतो. त्याने कोपरापर्यंत हात आत घातला, झाकण दंडाशी टेकवलं आणि मला बटण दाबायला सांगितलं. मी दाबलं.

पहिल्यांदा तो हसत होता. मग त्याच्या कपाळावर घाम आला. मी बघत होते, तो खरंच प्रयत्न करत होता. दुसऱ्या हाताने त्याने स्वतःचा दंड पकडून ठेवला. तरी सूर संपायच्या आत हात बाहेर आला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मग तो खाली बसला आणि हात मांडीखाली दाबून धरला.

म्हणाला, वायर मीच तोडलीय हो. मला माहीत आहे. माझ्या हाताला कोण सांगणार?

शनिवार, ६ एप्रिल

वायरमन कालपासून कामावर येत नाही. पहारेकरी म्हणतो, खोली सोडून गेला, कुठे ते सांगितलं नाही.

आज कसलीशी सुट्टी, खाली सगळं बंद, सकाळपासून सूर नाही. मला चैन पडत नव्हती. आतून बाहेर, बाहेरून आत करत राहिले. दुपारी कपाट उघडून ते छोटं यंत्र हातात घेतलं आणि दाबलं. आप्पा उठले, मी उठले, पलीकडे गेलो आणि काय हायसं वाटलं. मग यंत्र बघितलं. त्यातला सेल मी कपाटात ठेवतानाच काढला होता.

मंगळवार, ९ एप्रिल

आप्पांना मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. खांदा, गुडघे, सोललेले कोपर दाखवले. ते म्हणाले की कंपवाताच्या गोळीचा डोस जास्त होतोय, डोपामिन वाढल्यामुळे माणूस असा सैरभैर होऊ शकतो. गोळी निम्मी केली. सुराबद्दल सांगितलं तर माझ्याकडेच काळजीने बघायला लागले. झोप होते का, म्हणून विचारलं.

परत येताना आप्पांनी रिक्षात माझा हात घट्ट धरला. गोळी कमी करू नकोस असं म्हणाले. मी म्हटलं, डॉक्टरांना कळतं. म्हणाले, त्यांना पायांचं कळतं.

शुक्रवार, १२ एप्रिल

काल दुपारचं. लिहायला हात धजत नव्हता.

आम्ही आतल्या खोलीत जेवत होतो. सूर आला. मी निघाले आणि त्यांचा हात धरून ओढलं. ते आले, उंबऱ्यापर्यंत आले, आणि निम्म्या गोळीचे पाय तिथेच खिळले. उजवा पाय बाहेरच्या खोलीत, डावा आत. मी बाहेरून ओढत होते. ते माझ्याकडे बघत होते. थांबलोय, असं म्हणाले. लिफ्ट नाही म्हणाले. नुसतं, थांबलोय.

सूर संपला.

ते माझ्या अंगावर पडले. डावा हात, डावा पाय, डावा गाल. पांढरे. गार. बरोबर मधून — चौकटीची रेघ आखून घ्यावी तशी — कपाळापासून खाली —

दवाखान्यात आहोत.

मंगळवार, १६ एप्रिल

डॉक्टर अर्धांगवायू म्हणतात. पण मेंदूच्या फोटोत काही दिसत नाही, याचं त्यांना कोडं पडलंय. तपासण्या संपल्या, घरी न्या म्हणाले. दुसरं घर कुठे आहे? भावाला फोन केला. तो रविवारी गाडी घेऊन येतोय. आप्पांना आणि मला कायमचं घेऊन जायला. तेवढे दिवस काढायचे.

बाईंकडे गेले. त्यांना म्हटलं, बंद करा सगळं. त्यांनी ऐकलं. माझ्यासमोर पेट्यांचं बटण बंद केलं, भिंतीतला मुख्य खटकाही खाली ओढला. म्हणाल्या, आता सूर वाजणं शक्यच नाही.

आणि तो वाजला.

मी विचारलं, ऐकू येतंय ना? त्या नाही म्हणाल्या. शांतपणे म्हणाल्या. तोवर त्या उठून टेबलाच्या दुसऱ्या बाजूला, माझ्याजवळ आल्या होत्या. आम्ही दोघी त्यांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत उभ्या राहिलो. त्यांचा हात माझ्या हातात कधी आला कळलं नाही.

बुधवार, १७ एप्रिल

आप्पांना चाकाच्या खुर्चीत बसवून ठेवते. सूर आला की ढकलत नेते. मधलं दार बिजागरीतून काढून टाकलं. वाटलं, दोन खोल्यांची एक झाली तर जायचं कुठे. काही उपयोग नाही. रेघ कुठे आहे ते पायांना पाठ आहे.

बोलणं जड झालंय त्यांचं. अर्ध्या तोंडाने म्हणाले, तू दमलीस.

गुरुवार, १८ एप्रिल

खुर्चीचं चाक उंबऱ्यावर मोडलं. आता चादरीवर घालून ओढते. कंबर गेली माझी. त्यांची पाठ सोलली. पहारेकऱ्याला हाक मारली, खाली न्यायला मदत करा म्हणून. तो फाटकाच्या बाहेर उभा. मग आत. मग पुन्हा बाहेर. वर बघितलंच नाही.

सूर आता सारखाच येतो. आणि सांगायला लाज वाटते — आला की बरं वाटतं. अजूनही. पलीकडे पोचल्यावर तर —

शुक्रवार, १९ एप्रिल

मी त्यांना सोडून गेले.

मोरीत होते. सूर आला. वाटलं, त्यांना घेऊन — पण मी बाहेरच्या खोलीत होते. एकटी. ऊब अंगभर. आणि ते आत, चादरीवर, मला बघत.

परत उंबरा ओलांडता येईना. सूर संपेपर्यंत पाय आत जाईनात. मी किंचाळत होते, पाय जाईनात.

जिवंत आहेत. गारठा आता उजवीकडेही, छातीपर्यंत आलाय. उजव्या हाताची बोटं हलतात. त्यांनी तीच हलवून मला जवळ बोलावलं आणि गाल पुसला. माझा.

शनिवार, २० एप्रिल

विचारलं, काय आलं होतं? डोळे मिटून घेतले.

म्हणाले, एकटा होतो.

एवढंच —

ओढवत नाही मला आता. दोनदा मधेच चादर सुटली. पुढच्या वेळी ओढणं होणार नाही. पुढच्या वेळी पाय मला एकटीलाच नेतील. मला माहीत आहे ते. ते पाय माझे नाहीत —

रविवार, २१ एप्रिल

सकाळ. भाऊ निघालाय, वाटेत आहे.

घोटा ओट्याच्या लोखंडी पायाला बांधलाय. आधी कापडी पट्टीने, वर दोरीने. गाठी मागे मारल्यात, हाताला सहज सापडू नयेत म्हणून. कात्री, विळी, सगळं बाहेरच्या खोलीत फेकलं. आप्पांना उचलून मांडीवर घेतलंय. नको नको म्हणत होते. आता उजव्या हाताने माझा हात धरलाय. वही गुडघ्यावर.

बाई म्हणाल्या होत्या, एकदा थांबून बघितलं तर कळेल. म्हातारा उंदीर नुसत्या भीतीने गेला असेल. तो एकटा होता. आप्पाही एकटे होते. आम्ही दोघं आहोत.

आला.

सूर —

पाय ओढतोय. दोरी रुततेय. रक्त — असू दे. लिहीत राहते, म्हणजे हाताला काम — केवढं बरं वाटतंय, हेच वाईट — जा म्हणतंय अंग, जा, जा, तिकडे सगळं ठीक — आप्पा म्हणतायत थांब — नाही, जा म्हणतायत — नाही आप्पा —

खाली गाडी वाजली. भाऊ. जिन्यावर पाऊल —

वर येऊ नकोस — ऐकू जाईल का त्याला —

सूर संपला.

काही नाही.

काही नाही झालं. खोली तशीच आहे. ओट्यावर पातेलं, खिडकीत ऊन. आप्पांचा हात माझ्या हातात. काहीच नसतं, आप्पा, इतके दिवस आपण उगाच — वायरमनला शोधून सांगायला हवं, त्याच्या हाताला सांगायला हवं, की थांबलं तर काहीच